बारा विश्वंभर

विश्वंभर अष्टपुत्रे यांनी फर्मान काढलं की सोमवारपासून टीममधल्या अकराही जणांच्या कॉम्प्युटरवर त्यांचीच प्रोजेक्ट फाइल चालेल आणि तिच्यातलं एक अक्षरही कुणी बदलायचं नाही.

नाशिकच्या त्या कंपनीत शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनायचं आणि अष्टपुत्रे तिचे मालक. आपण अजून स्वतः कोड लिहितो याचा त्यांना अभिमान होता. बाकीच्यांना त्याचाच त्रास. कोडचा कुठला भाग कुठून उचलायचा हे सांगणाऱ्या त्या फाइलमध्ये जागोजागी त्यांच्याच कॉम्प्युटरवरचे पत्ते होते. डी ड्राइव्ह, त्यात 'विश्वंभर' नावाचा फोल्डर, मग पुढचं सगळं. इतरांकडे तो फोल्डरच नव्हता, त्यामुळे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करायला, म्हणजे बिल्ड करायला गेलं की पहिल्याच पायरीवर सगळं आडवं व्हायचं.

कुणीतरी हे भीत भीत सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्याकडे चालतं, म्हणजे फाइल बरोबर आहे, खोट तुमच्यात आहे. सोमवारी दुपारी बारापर्यंत सगळीकडे बिल्ड झाला नाही, तर टीम बरखास्त आणि काम बाहेर.

सगळ्यांचे चेहरे पडले. यमुना भांगरे, अकोल्याकडच्या शेतकऱ्याची लेक, टीममध्ये सर्वांत नवी होती. तिने फाइल दोनदा वाचली आणि केबिनमध्ये जाऊन एवढंच विचारलं, की फाइल सोडून बाकी काही बदललं तर चालेल का. साहेबांनी मान वर न करता खुशाल बदला म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळपासून सगळे नेटाने कामाला लागले. सोमवारी बाराच्या आत अकराही कॉम्प्युटरवर बिल्ड झाला. साहेब मिशीवरून हात फिरवत टेबलाटेबलापाशी फिरले. तेवढ्यात तपासणी विभागाची यादी आली. दोन दिवसांतल्या त्रेसष्ट चुका, आणि प्रत्येकीपुढे करणाऱ्याचं नाव एकच : विश्वंभर. शीतगृहाचं तापमान चारशे अंश ठेवणारा विश्वंभर. कोडमध्ये 'मालकाला यातलं काही कळत नाही' अशी टीप लिहिणाराही विश्वंभरच.

साहेब लालबुंद झाले. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी यमुनाला विचारलं.

"सर, फाइल बदलायची नव्हती, म्हणून माणसं बदलली. प्रत्येक कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचं खातं उघडलं आणि तुमच्या नावाचा फोल्डर केला. आता इथे बारा विश्वंभर आहेत."

"आणि ती टीप? ती यातल्या कुठल्या विश्वंभरने लिहिली?"

"कॉम्प्युटरला विचारलं तर तो तुमचंच नाव सांगतो, सर. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर जे बरोबर, ते सगळीकडे बरोबर, असं तुम्हीच म्हणालात."

साहेबांनी यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्याच दुपारी ठरलं, की सामायिक फाइलमध्ये सर्वांना लागू पडेल तेवढंच राहील आणि ज्याचे पत्ते त्याच्या कॉम्प्युटरवर. बिल्डचा सगळा कारभार यमुनाकडे आला, खिडकीजवळची केबिनही. आणि त्या फाइलला हात लावायचा, तर परवानगी तिची लागणार होती, खुद्द अष्टपुत्र्यांनासुद्धा.