आधी वडिलांचं नाक

मुलीला नको असलेलं ऑपरेशन तिचे वडीलच मागायला आले, तर डॉक्टरने काय करावं, सांगा बरं?

कारखान्याचे अध्यक्ष तात्यासाहेब आपल्या शर्वरीला घेऊन प्लास्टिक सर्जन नलिनीताईंकडे आले. “हिचं नाक उद्या सकाळीच सरळ करा. दोन स्थळं मोडली त्यापायी.”

“मला नाही करायचं,” शर्वरी पुटपुटली.

“तू गप्प बस.”

नलिनीताईंनी दोघांकडे नीट पाहिलं. नाकं अगदी एका साच्यातली होती.

“करू की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण मग लग्नात तुमच्याशेजारी उभी राहिली की लोक विचारतील, ही नक्की कोणाची मुलगी? म्हणून आधी तुमचं करू.”

तात्यासाहेब ताठ झाले. “माझ्या नाकाला काय झालंय?”

“तेच मी हिच्या नाकाबद्दल विचारतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनच्या वेळेला, शर्वरी शाळेत मुलांना भूगोल शिकवत होती.