खरवसाची काडी

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो पलीकडच्या गावाचा. आपल्या गावात नुसताच भोळा. नाव नागू. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. अडचण तीच होती.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरे भानुदासराव लेकीचा संसार बघायला निघाले. निरोप आधीच आला होता : जावई लोक म्हणतात तसा असेल, तर यमुनेला घेऊन येईन. यमुनेला जायचं नव्हतं. नवरा भोळा होता, पण कधी उलटून बोलत नव्हता. असा दुसरा तिने पाहिला नव्हता.

नशिबाने त्याच आठवड्यात गाय व्याली. आणि वडिलांचा जीव खरवसावर. यमुनेने नागूला चीक काढायला धाडलं आणि बजावलं, "आधी वासराला पोटभर, मग आपल्याला."

चीक नीट आला. मागोमाग सासरे आले, शिंकत, नाक चोंदलेलं. यमुनेने नागूच्या हाती त्यांचा चहा दिला. चहा काही ओटीवर पोचेना. जाऊन बघते तर नागू गोठ्यात, आणि वासराचं तोंड बशीत.

"अहो, हे काय?"

"आधी वासराला. तूच म्हणालीस."

ओटीवरून हे बघून सासऱ्यांनी लेकीच्या ट्रंकेकडे पाहिलं.

यमुनेने चिकात दूध आणि गूळ घातला, वेलची-जायफळ घातलं, डबा वाफेवर ठेवला आणि नागूला चुलीपाशी बसवलं. वाफेवर आहे तोवर झाकण उघडायचं नाही, वर वजन ठेवायचं. मग काडी खुपसून बघायची. कोरडी निघाली की झालं, ओली निघाली तर अजून ठेवायचं. नागूने वरवंटा ठेवला, काडी खुपसली, कोरडी निघाली. यमुनेचा जीव भांड्यात पडला.

मग तिने वडिलांना वाफारा दिला. पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं, डोक्यावरून घोंगडी. नागूला म्हणाली, "वाफ झाली की वरून सुंठेचा लेप लावा. वाटीत कालवून ठेवलाय." आणि ती पाण्याला गेली.

परत आली तेव्हा घोंगडी आतून धडपडत होती. नागू दोन्ही हातांनी ती दाबून धरून बसला होता. दातांत काडी.

"झाकण आपोआप उघडतंय," तो म्हणाला. "वरवंटा दोनदा पडला. मानेत काडी घालून बघितली, ओलीच निघते. मामा अजून कच्चे आहेत."

यमुनेने घोंगडी ओढली. भानुदासराव घामाने निथळत, लालबुंद होऊन बाहेर आले.

"यमे, ट्रंक भर."

एवढं बोलून ते थबकले. नाक मोकळं झालं होतं. जायफळाचा वास थेट मस्तकात गेला. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"राहू दे. आधी खरवस आण."

यमुना धावत आत गेली. बाहेर आली ती मात्र हळूहळू. हातात ताट, ताटात खरवस, आणि खरवसावर कडेपासून कडेपर्यंत थापलेला सुंठेचा लेप.

"वाफ झाली की लेप लावायचा, तूच म्हणालीस," नागू म्हणाला. "मामा झाले नव्हते. हा झाला होता."

भानुदासरावांनी एक वडी तोंडात टाकली. कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी दुसरी मागितली.

ट्रंक जागची हलली नाही. नागू मात्र संध्याकाळपर्यंत काडी घेऊन सासऱ्यांच्या मागे मागे हिंडत होता. मामा झाले का, बघायला.