ठाकुरांची मान

पौषाच्या कडाक्यात आठ दिवस वाळू तुडवून राईका उंटपाळांचा तांडा उंटांच्या जत्रेला पोचला, तर तळ्याच्या वाटेवर ठाकूर अनोपसिंग मिशीला पीळ देत उभे.

"आधी सगळ्यांनी वाकून मुजरा करायचा, मगच उंटांना पाणी!"

तांड्यातली म्हातारी झमकू म्हणाली, "आमच्यात यजमान आधी वाकतो, ठाकूरसा."

"मी? तुमच्यापुढे? माझी मान आधी वाकली, तर जत्राभर तळं तुमचं!"

"बरं. मग मुजरा तरी उंटावर बसून घ्या. शेवटच्या माणसाचाही दिसेल."

ठाकूर खूश! बसलेल्या उंटावर ऐटीत चढले. झमकूनं जिभेनं टक् केलं. उंटानं आधी मागचे पाय उचलले, आणि ठाकूर उंटाच्या मानेवर पालथे. पगडी घरंगळत झमकूच्या पायाशी.

"अहो, इतकं वाकून?"

"हे वाकणं धरायचं नाही!" ठाकूर वरून ओरडले.

"नको धरूया. पण बसताना उंट आधी पुढचे पाय मोडतो. तेव्हाचं धरू."

ठाकुरांनी खाली पाहिलं.

"पाजा पाणी!" ते शेवटी म्हणाले. "आणि मी उतरेपर्यंत सगळ्यांनी तळ्याकडे तोंड करा."