अर्धी कमान आणि हत्तीतळं

वेशीवर ही जी अर्धी कमान उभी आहे ना पोरांनो, ती पडलेली नाही बरं. ती मुद्दाम उतरवली. तिचे बाकीचे दगड समोरच्या हत्तीतळ्यात बघा, पायऱ्या झालेत.

फार मागं इथं रायाजी नाईक कारभार बघायचा, असं सांगतात. वाईट नव्हता, हौशी होता. तळं खोदायचं म्हणून त्यानं घराघरातून सारा घेतला. कुणी जोंधळे दिले, ठकू कुंभारणीनं बारा घागरी दिल्या. बाया कोसभरावरून नदीचं पाणी आणायच्या. ठकूचं तर पोटच चिखलावर. पाणी नाही तर चाक बंद.

पण नाईकाच्या मनात हत्ती भरला. शेजारच्या नाईकाकडं होता, म्हणे! मग तळं राहिलं बाजूला. हत्ती खालून यायला आधी उंच कमान उठली, उरल्या साऱ्यात हत्ती ठरला.

ठकूनं भर चावडीत विचारलं, “धनी, हत्ती पाणी कुठं पिईल?”

“ठकू, तू घागरी घडव. कारभार मी बघतो.”

“घडवल्यात की. बारा तुमच्याकडंच आहेत, कोरड्या.”

चैत्रात हत्ती आला. बायांनी त्याच बारा घागरी नदीवरून भरून आणल्या. ओवाळून होईस्तोवर त्यानं बाराही रिकाम्या केल्या आणि आणखी हवं म्हणून सोंडेनं नाईकाचं पागोटंच उचललं! मग कमानीकडं पाठ करून ठकूच्या मातीच्या खड्ड्यात जो बसला, तो उठेना. ऊस दाखवला, ढोल बडवले. तीन दिवस बाया पाणी वाहून दमल्या.

माहूत म्हणाला, “धनी, ह्याला खाली पाण्याचा वास लागलाय. ते निघाल्याबिगर हा हलायचा नाही.”

हत्ती मेला तर सगळा सारा मातीत. नाईकानं पहिली कुदळ स्वतः मारली, मागोमाग गाव लागला. हत्तीच्या पायाशीच झरा फुटला, म्हणे. तळं बांधायला दगड कमानीचे काढले. अर्धे निघाले तशी ठकू म्हणाली, “आता राहू द्या. विसर पडायला नको.”

आजही गावसभा ह्या कमानीखालीच भरते. गावाचा पैसा कुठं लावणार, ते सरपंचानं तळ्यातली भरली घागर डोक्यावर घेऊन सांगायचं. त्यामुळं भाषण आटोपशीर होतं. मागल्या साली आमच्या सरपंचबाई दिव्यांच्या नव्या स्वागतकमानीचं बोलायला लागल्या. मागून एक म्हातारी ओरडली, “अगं, हत्ती पाणी कुठं पिईल?”

सभा हसली. बाईंनाही हसू आवरेना. घागर हिंदकळली आणि त्या चिंब भिजल्या. कमानीचा पैसा नळाला लागला; वरच्या कोरड्या वाडीत कालपासून पाणी आहे.