तीन रांजण विरजण

पाय पोटाशी घ्या आणि ऐका. डोंगरापलीकडच्या एका गावी एक राजा होता. एकदा त्याच्याकडे पाहुणे आले आणि पंगतीत दही कमी पडलं. झालं एवढंच, पण राजाला फार लागलं ते. मग त्याने दवंडी पिटवली, घराघरातलं विरजण राजवाड्यात जमा करा, यापुढे चमचाभरही कुणी घरात ठेवायचं नाही.

विरजण तुम्हाला माहीत आहे. आजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं आणि उद्याच्या दुधाला लावायचं. संपलं तर शेजारणीकडून आणायचं. त्या गावात अबोला धरलेल्या बायकासुद्धा विरजणाला नाही म्हणत नसत, बरं का. ते सगळं राजाने नेलं. तीन रांजणांत भरलं, वर फडकी बांधली आणि कोठीच्या दाराला कुलूप ठोकलं.

त्याच गावात येसू गवळण राहायची. तिच्या चिमीचं पोट बिघडलं. पोर पाण्यासारखी गळून गेली. वैद्य म्हणाले, "ताकभात दे, दुसरं काही पोटात ठरायचं नाही. दोन दिवसांत मिळालं तर पोर उठेल."

येसूकडे हंडाभर दूध होतं, पण विरजण नव्हतं. मग ती वाटी घेऊन राजवाड्यात गेली. कोठावळा धर्माजी दारात बसला होता.

"धर्माजीदादा, चमचाभर द्या."

"पहिला रांजण पाहुण्यांसाठी राखलाय, येसूबाई."

येसू माघारी आली. संध्याकाळी पुन्हा गेली.

"दुसरा सणासाठी राखलाय."

"आणि तिसरा?"

"अडीअडचणीसाठी."

"मग माझी पोर मरायला टेकलीय, ती काय आहे?"

"ती तुमची अडचण, बाई. हा राजाच्या अडचणीसाठी आहे."

मला तर सांगतानाही राग येतो. गावाचंच दही, आणि गावालाच अडचण नाही म्हणे.

सकाळी चिमीने डोळे उघडले नाहीत, नुसता श्वास चालू होता. मग येसू तिसऱ्यांदा गेली, ती थेट राजासमोर.

"महाराज, कुलूप काढा. नाहीतर माझ्या पोरीला इथे आणून ठेवते, तिलाही राखून ठेवा."

राजा रागाने उठला आणि किल्ली घेऊन चालू लागला. म्हणाला, "बघ तर खरं, किती नीट ठेवलंय."

पहिला रांजण उघडला. आत सुकून खडखडीत. दुसरा उघडला. आत हिरवी बुरशी. विरजणाला रोज नवं दूध लागतं, हे राजाला ठाऊकच नव्हतं. त्याने जन्मात हंडी धुतली नव्हती. तिसरा रांजण उघडला, तर आतून बारीक आवाज आला, "येसूबाय, मी तळाशी आहे. लवकर काढ, जीव चाललाय माझा."

येसूने बाही सारली आणि तळातून बोटभर विरजण काढलं. राजाला ना विचारलं, ना मुजरा केला. पळत घरी आली, कोमट दुधाला ते लावलं आणि हंडी कांबळ्यात गुंडाळली. विरजण शहाणं होतं. चूल निवायच्या आत दही लागलं. मग चिमीच्या तोंडात ताकभाताचा घास गेला. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्या घासाला पोर म्हणाली, "आई, मीठ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका वाट्या घेऊन येसूच्या अंगणात आल्या. राजाही आला, हातात चांदीची वाटी. धर्माजी ओरडला, "सरका, महाराज आलेत."

येसूने मानही वर केली नाही. म्हणाली, "विरजण देईन. पण आधी ज्यांचं नेलंत त्यांना. तुम्ही शेवटी उभे राहा."

राजा उन्हात उभा राहिला. पारूबाईच्या मागे, कुंभारणीच्या मागे, अगदी शेवटी. दुपार टळल्यावर त्याच्या वाटीत चमचाभर पडलं.

मग गावात घरोघरी दही लागलं. चिमी अंगणात खेळू लागली आणि सगळी सुखाने जेवू लागली. आता तुम्हीही कूस बदला आणि गप झोपा.