हिऱ्या बैलाचा रंग

एका गावात एक भोळा मायाप्पा होता. तालुक्याला जाऊन त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला, तरी भोळाच राहिला. कोर्सात तेवढा एक धडा नव्हता.

गावात खिलार बैल पाळणाऱ्यांचा संघ होता. अध्यक्ष हौसाक्का. संघाची वेबसाइट होती, कारण वेबसाइट नसली की हल्ली बैलाला कोणी बैल म्हणत नाही. तिच्यावर प्रत्येक सभासदाचं नाव, पासवर्ड आणि त्याच्या बैलाचे खास रकाने: नाव, रंग आणि वय सांगणारे दात. घोटाळा एवढाच की हे खास रकाने अ‍ॅडमिनच्या पानावर उघडतच नव्हते. अध्यक्षबाईंना माणसाचं नाव बदलता येई, बैलाचा दात बदलता येत नसे.

आणि प्रदर्शन तोंडावर आलेलं. पंच मोबाइलवर रकाने बघणार, मग बैल बघणार. दोन्ही जुळलं तरच बैल मैदानात. हौसाक्काचा हिऱ्या पांढराशुभ्र, देखणा, पण वयाला आलेला. मानाची ढाल यंदा मिळाली तर मिळाली. पुढच्या वर्षी पंच त्याच्याकडे मान वळवूनही बघणार नव्हते.

आक्का म्हणाली, "मायाप्पा, सभासदाच्या पानाखाली बैलाचे रकाने दिसले पाहिजेत."

मायाप्पाने दाखवले. आक्काने बोट दाबलं. काही हलेना.

"आरं, हे बदलत का न्हाई?"

"दिसले पाहिजेत म्हणालात. बदलायचं कुठं बोललात?"

"दिसतंय त्याला काय ओवाळू? जे दिसतंय ते बदलता आलं पाहिजे!"

मायाप्पाने तसंच केलं. ज्याला ज्याला दिसेल, त्याला त्याला बदलता येऊ लागलं. संध्याकाळपर्यंत गावातले सगळे म्हातारे बैल तरणे झाले. एका बैलाला सरपंचाचं नाव मिळालं. कुणी दिलं, ते मी सांगणार नाही. हिऱ्याच्या रंगापुढे कुणीतरी लिहून गेलं, काळा.

आक्काने कपाळावर हात मारला. "आरं शहाण्या, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई! कुलूप घाल."

मायाप्पाने अ‍ॅडमिनला कुलूप घातलं. मग गोठ्यालाही घातलं. आक्का तालुक्याला गेलेली. गडी वैरण घेऊन दारात उभा, आत हिऱ्या हंबरतोय.

"दार उघड की रं!"

"आक्काशिवाय हात लावायचा न्हाई."

रात्री आक्का आली तेव्हा हिऱ्याचं पोट पाठीला लागलेलं. ती कडाडली, "जनावराची अडचण दिसली की मला इचारत बसायचं न्हाई! दिसंल ते करून मोकळं व्हायचं!"

"बरं आक्का."

आक्का अध्यक्ष पडली. रात्रभर बसून तिने लोकांचे बैल आधी नीट केले. स्वतःचा राहून गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी पंचांनी मोबाइल बघितला, हिऱ्या बघितला. "आक्का, इथं काळा लिहिलंय. जुळत नाही. आमची फेरी परत येईपर्यंत जुळवा."

आक्का मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर पळाली. मायाप्पाला जनावराची अडचण दिसली. रकान्यात आक्काशिवाय कुणी लिहायचं नाही, हे पाठ होतं. विचारत बसायचं नाही, हेही पाठ होतं. त्याने कोळशाची पूड तेलात कालवली आणि शिंगापासून शेपटापर्यंत हिऱ्या जुळवून टाकला.

आक्का रकान्यात पांढरा लिहून धापा टाकत आली. बघते तर दावणीला रेडा!

"मेल्या, हे काय केलंस?"

"जुळवलं."

आक्काच्या तोंडी आलेले शब्द चारचौघांत बोलता येत नव्हते. बादल्या आणल्या, साबण आणला, पदर खोचून घासायला बसली. घासता घासता म्हणाली, "ह्या रंगापायी पुन्हा असा घोळ झाला, तर तुला दावणीला बांधीन!"

मायाप्पा घाबरला. पुन्हा घोळ होऊ नये म्हणून लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसला.

हिऱ्या पांढरा निघाला. पहिल्यापेक्षा पांढरा. मैदानभर माना वळल्या. पंच आले, खूश झाले, मोबाइल उघडून पान खालीवर सरकवू लागले. पुढच्या बैलाचं पान उघडलं. त्याच्या पुढच्याचं उघडलं. मग मैदानातले सगळे मालक हातात मोबाइल घेऊन आरडाओरडा करू लागले. रंगाचा रकानाच कुठे नव्हता. रंग जुळल्याशिवाय बैल मैदानात नाही, नियम म्हणजे नियम. पंचांनी ढाल पिशवीत घातली आणि जीपमध्ये बसले.

मायाप्पा हसत आक्काकडे आला.

"आता बघा आक्का. एकाही बैलाचा रंग चुकत न्हाई!"