शेंदऱ्याचं चित्र

फार पूर्वी, काच केवळ राजवाड्यांतच दिसे त्या काळी, एका राज्यात एक दरबारी चितारी होता. माणसांचे चेहरे रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची रीत ठरलेली होती. कुंचला उचलण्याआधी तो समोरच्याला बजावे, “आता हलायचं नाही.” मग सेनापती हलत नसे, राणी हलत नसे, आणि नाकावर माशी बसली तरी खुद्द राजाही हलत नसे. हुकूम सोडण्याचा राजाचा हक्क तेवढ्या वेळापुरता चिताऱ्याकडे येई. खरं सांगायचं तर चित्रापेक्षा त्याला तेच जास्त आवडे.

एके वर्षी राजकन्येचं लग्न ठरलं. सासर डोंगरांपलीकडे, बरंच लांब. तिच्या महालात काचेच्या पेटीत एक मासा होता, शेंदरी रंगाचा, पदरासारखे लांब पर असलेला. ती त्याला शेंदऱ्या म्हणे. घाटातल्या हिंदकळ्यांत तो जगला नसता, म्हणून तिने वडिलांकडे एकच मागणं मागितलं.

“आबासाहेब, मला शेंदऱ्याचं चित्र द्या. तिकडे माझं म्हणावं असं तेवढंच असेल.”

राजाने चिताऱ्याला बोलावून सांगितलं, “पाठवणीच्या आत चित्र तयार हवं.”

चितारी मनातल्या मनात हसला. जिथे सेनापतींची डाळ शिजत नव्हती, तिथे या बोटभर माशाची काय कथा! माशाचं चित्र काढायची मात्र त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती.

तो पेटीसमोर बसला आणि सवयीने म्हणाला, “आता हलायचं नाही.” दासी तोंडाला पदर लावून हसल्या. मासा वळला, खाली गेला, वर आला, पुन्हा वळला. डोळा रंगवायला घ्यावा तर समोर शेपटी. संध्याकाळपर्यंत चिताऱ्याने कसंबसं एक चित्र उरकलं.

राजकन्येने ते पाहिलं. “काका, याचं पोट पिवळं कुठे आहे?”

चिताऱ्याने निरखून पाहिलं. पिवळं होतं ते त्याच्याच पगडीचं प्रतिबिंब. काचेत दिसलं ते त्याने इमानेइतबारे माशाच्या पोटावर चढवलं होतं.

आता मात्र तो इरेला पेटला. नीट दिसावं म्हणून त्याने पेटीभोवती मशाली लावल्या, तर मासा दगडाआड दडला. त्याने काचेवर टिचक्या मारल्या, तर मासा आणखी आत सरकला. चिताऱ्याच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने काचेचा एक तुकडा मागवला, पेटीत उभा सोडला आणि हळूहळू पुढे रेटत नेला. मासा दोन काचांमध्ये अडकला. त्याला वळायलाही जागा उरली नाही.

“आता कसा!” चितारी म्हणाला, आणि शांतपणे कामाला लागला.

चित्र अप्रतिम उतरलं. खवल्यांची एकेक ओळ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. दरबाराने तोंडात बोटं घातली. राजाने हातातलं कडं उतरवून चिताऱ्याला दिलं.

राजकन्या मात्र बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. “हा शेंदऱ्या नाही,” ती म्हणाली.

“ताईसाहेब, जसा दिसला तसाच काढलाय. एक खवला इकडचा तिकडे नाही.”

“म्हणूनच म्हणते. पर मिटलेत त्याचे. रंग उतरलाय. घाबरला की तो असा होतो.” ती चिताऱ्याकडे वळली. “लहानपणी तुम्ही माझं चित्र काढलंत ना, तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. मला तुमची फार भीती वाटायची, काका. त्या चित्रातली मुलगी मला कधी ओळखूच आली नाही.”

चिताऱ्याचा चेहरा पडला. आजवर इतकी माणसं त्याच्यासमोर बसली होती, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने काचेचा तुकडा काढून टाकला. मशाली विझवल्या, पगडी उतरवली आणि अंगावर काळं कांबळं घेतलं. पाण्यावर उजेड पडेल एवढीच एक खिडकी उघडी ठेवून तो भिंतीला टेकून बसला. मासा काही बाहेर आला नाही. अंगणात भोई पालखी सजवू लागले, सनई सुरू झाली, तरी दगडाआडून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. चिताऱ्याने हात टेकले. चित्राविनाच पोर सासरी जाणार, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात राजकन्या निरोप घ्यायला आली. कोपऱ्यातल्या कांबळ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिने काचेला बोट टेकवलं आणि हलकेच म्हणाली, “येते रे.”

शेंदऱ्या बाहेर आला. बोटासमोर थांबला. त्याचे पर उलगडत गेले, आणि अंगावर असा रंग चढला की चितारी पाहतच राहिला. राजकन्या आड येत होती. मधूनच डोळे पुसत होती. “जरा बाजूला व्हा” हे शब्द चिताऱ्याच्या तोंडाशी आले, पण त्याने ते गिळले. जेवढं दिसलं तेवढं त्याने पाहून घेतलं.

पालखी उचलायच्या वेळी तो धावत आला. कागदावरचे रंग ओलेच होते. त्यात एकही खवला नव्हता. एक डोळा होता, एक उलगडलेला पर होता आणि काचेवर टेकलेल्या बोटाचं टोक होतं. राजकन्येने कागद हातात घेतला आणि तिला हुंदका फुटला.

“हाच,” ती म्हणाली. पालखी निघाली.

खवल्यांचं ते चित्र राजाने दरबारात लावलं. परदेशचे पाहुणे येत, खवल्यांवरून बोट फिरवत, वाहवा करत, आणि चिताऱ्याला दरवेळी पुढे येऊन मुजरा करावा लागे. तो मुजरा करी, पण त्या मिटलेल्या परांकडे पाहण्याची हिंमत त्याला उरलेल्या जन्मात झाली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला जखडून आपल्याला जे दिसतं, ते त्याचं रूप नसतं, त्याची भीती असते.